टाकी नं. ३ कोरडी होईना

१४ जुलै, मंगळ.
नं. ३ची पाण्याची चाचणी पास, कुठे थेंब गळत नाही. पाणी काढलं, आतून पुसून घेतली, गरम हवेचा ब्लोअर लावला. सोमवारी मोहरीचं तेल भरायचं. त्याआधी ‘टाकी कोरडी’ या कागदावर माझी सही. गेल्या वर्षी नं. २वर घाईने केली, आत ओल होती, तेल खवट झालं. सेठजी तेव्हा म्हणाले होते, “जोशीजी, एक बार और, फिर घर बैठिए.”

१५, बुध.
ओलावा उतरतोय. डबा देताना हिने विचारलं, “टाकीत उन्हासारखं तापतं का हो?” अठ्ठावीस वर्षांत माझ्या कामात पहिल्यांदा रस. खुलून सगळं सांगितलं. धूळ नाही, माशी नाही, कावळा नाही.

१६, गुरु.
सकाळी ओलावा कमी, दुपारी एकदम वर. सीपरी बाजारातून दुसरा मीटर आणला. तोही तेच सांगतो.

१७, शुक्र.
पुन्हा वर. ब्लोअर उघडून पाहिला, ठीक. चौकीदार रामसेवक भैयाला विचारलं, आत कुणी गेलं होतं का. “कोऊ नईं गओ, बाबूजी.” नजर चपलांवर.

१८, शनि.
ब्लोअर बंद करून स्वतः आत उतरलो. टॉर्च मारला. आमच्या घरची चादर, तिच्यावर ओल्या कुरडया, ओळीने.
रामसेवक : “भाभीजी ने पठवाए हते. कई, बाबूजी खों पतो है.” मला ठाऊक आहे असं हिने त्याला सांगितलेलं, रोज दुपारी कुरडयांचा नवा घाणा येत होता म्हणे.
ही घरी शांत. “पोरीला डोहाळे लागलेत कुरडयांचे. या पावसात गच्चीवर वाळतात का? आणि तुमच्या टाकीतही दमटच राहिल्या. नीट चालवत नाही वाटतं तुम्ही.”
नोकरी जाईल म्हणालो. तेव्हा कुठे म्हणाली, “चादर घेऊन या उद्या.” मला वाईट वाटलं, पण हसूही आलं.

१९, रवि.
चादर घरी. ओलावा सरळ खाली.

२०, सोम.
मीटर खुणेच्या खाली, तीनदा पाहिलं. दहा वीसला सही केली. फार बरं वाटलं.
साडेदहाला सेठजी पंडितजींना घेऊन आले. पूजा टाकीच्या आतच. पंडितजी कलशातून चारी दिशांना शिंपडत होते, मोकळ्या हाताने. मी म्हणालो, “सेठजी, पानी...”
“पानी नहीं जोशीजी, गंगाजल है.”
कागदावर तारखेचा रकाना आहे, वेळेचा नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो : दहा वीसला टाकी कोरडी होती. टँकर फाटकातून आत येतोय.