चुन्याची बोटं

जूचंद्र,
७ डिसेंबर २०२५

प्रिय हंसाताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांगाला दोन हात लागतात, माझा सध्या एकच चालतो. तेव्हा अर्धाच गोड मानून घे. वालाच्या शेंगा पोचल्या. फोन केला नाही, कारण फोनवर मी खोटं फार सफाईने बोलतो. कोपर पोटाशी दाबलं की लिहिता येतं.

खांद्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले. 'हात सुधारतोय' असं तुला सांगत आलो. सुधारली ती रेघ. फिजिओवाला विघ्नेश म्हणाला होता, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या, थांबेल तिथे पेन्सिलने रेघ मारा. माझा हात छातीशीच अडतो. मग डाव्या हाताने मारत गेलो, रोज बोटभर वर. रंभा म्हणाली, "अहो, केस माझ्याकडून विंचरून घेता आणि रेघ पंख्याला भिडली! भिंत खचतेय का आपली?"

डॉक्टरांना सांगितलं होतं, तंबाखू सोडली, पथ्य पाळतो. साखरेची गोळी चुकते, पेढा चुकत नाही. आणि तंबाखू मळायला खांदा लागत नाही, एवढा शोध मी लावलाय. आत शिवलेलं पुन्हा सुटलं. अठरा तारखेला परत ऑपरेशन.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी सर्वांत वरच्या रेघेवर चुन्याची चार बोटं उमटलेली दिसली. तीन पूर्ण, तर्जनी अर्धी. भातकापणीत बाबांची तर्जनी विळ्याने तुटली, तेव्हा चिंधी तूच बांधली होतीस. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, एक रेघ खाली. मग रोज एकेक रेघ खाली. रंभालाही दिसतात. म्हणते, "तुमचेच चुन्याचे हात." माझी दहाही बोटं शाबूत आहेत. काल ती बोटं, माझा हात खरोखर जिथे अडतो, तिथे आली.

आज भिंत कोरी आहे. बोटं माझ्या सदऱ्यावर आहेत. उजव्या खांद्यावर, मागच्या बाजूने.

ताई, बाबांचा खांदा शिवला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, तंबाखू बंद. तू दाराशी पहारा दिलास. जखम भरेना, पू धरला, बाबा गेले. तू अजून म्हणतेस, माझ्याच सेवेत कमी पडलं. तुझं कमी पडलं नाही. डब्यात भाकरीखाली पुडी मी नेत होतो. "जयवंता, येकच चिमूट रं, पानी बी गोड लागत नाय," म्हणायचे. मला लाडका व्हायचं होतं.

अठराला डॉक्टर पुन्हा विचारतील. खरं सांगितलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील, हात कदाचित असाच राहील. खोटं सांगितलं तर बाबा गेले त्या वाटेने मी. माझ्या जिभेचा मला भरवसा नाही. तू शेजारी बस. मी खोटं बोललो, तर तिथेच तोंडावर बोल.

माफ करायचं नसलं, तरी ये.

तुझा धाकटा,
जयवंत