खाम्हेटे नावाची बाई

पार्सिपनी, न्यू जर्सी
१९ एप्रिल २००८

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. रवींद्ररावांना नमस्कार. दीड वर्ष झालं, माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून हा कागद. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही फाडलं नाहीस, तर निम्मं काम झालं.

इकडे सगळे ठीक. ह्यांचा गुडघा बदलून झाला. डॉक्टर म्हणतात चाला, आणि हे म्हणतात की नवीन वस्तू जपून वापरायची असते. आसावरी फार्मसीची परीक्षा पास होऊन नोकरीला लागली. लोकांच्या गोळ्या बरोबर मोजते, पण स्वतःचे दोन मोजे एका जोडीचे घालत नाही. मागच्या अंगणात मी ट्युलिपचे चाळीस कंद लावले होते. कोंब वर आले आणि एका सकाळी हरणांनी सगळे खाल्ले. शेजारीण म्हणते, किती गोड दिसतात ना! तिच्या अंगणात नुसतं गवत आहे, तिला दिसणारच.

नागपूर आता तापायला लागलं असेल. कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवल्या का? भर दुपारी गच्चीवर जाऊ नकोस.

आता बातमी. आसावरीच्या शिक्षणासाठी पाच वर्षांपूर्वी आम्ही ज्या कंपनीकडून कर्ज घेतलं, तिला सरकारने पकडलं आहे. विद्यार्थ्यांना कर्ज देणे एवढाच तिचा धंदा. अठरा-वीस वर्षांची पोरं अर्ज भरतात आणि त्यात सगळं लिहून देतात: जन्मतारीख, पत्ता, आईबापांची नावं, नोकऱ्या आणि सोशल सिक्युरिटी नंबर. हा नंबर म्हणजे इथे माणसाच्या घराची किल्लीच. या दीडशहाण्यांनी काय करावं? दोन वर्षांपूर्वी ऑफिसातले जुने कॉम्प्युटर विकून टाकले, आणि विकताना आतलं काहीही पुसलं नाही. हजारो मुलांचे अर्ज जसेच्या तसे भंगाराच्या बाजारात! आपण जुनं कपाट भंगारवाल्याला देतानासुद्धा खण उपसून बघतो गं.

मी सव्वीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्डरूममध्ये काढली. टेबलावर कुणाची फाइल उघडी ठेवून मी कधी पाणी प्यायलाही उठले नाही. एकदा एक मोठा सर्जन त्याच्या शेजाऱ्याची फाइल सहज म्हणून बघायला आला होता, त्याला मी दारातून परत पाठवला. आणि हे टायवाले लोक!

ग्राहकांचं रक्षण करणारा एक आयोग वॉशिंग्टनला आहे, त्याने या कंपनीची चौकशी केली. लोकांची माहिती नीट जपायची असा कायदा आहे, तो तुम्ही मोडलात, असं स्पष्ट लिहिलं. आता कंपनीला माहिती जपण्याची पक्की व्यवस्था करावी लागेल, आणि दर दोन वर्षांनी बाहेरचा तपासनीस येऊन बघेल, असं दहा वर्षं. दंड मात्र नाही. दंड नाही हे वाचून मी इतकी संतापले की ह्यांनी टीव्ही बंद केला. त्यांना वाटलं मी टीव्हीवर ओरडतेय. आदेश पक्का होण्याआधी महिनाभर लोकांनी आपलं म्हणणं कळवावं अशी सोय आहे. मी चार पानं पाठवली.

"चार पानं?" हे म्हणाले. "कंपनीला सोडून ते तुलाच नोटीस धाडतील."

पण खरं सांगते, बरं वाटलं. या देशात चौतीस वर्षं राहून पहिल्यांदा असं वाटलं की आपल्या कागदाची कुणीतरी, कुठेतरी, काळजी करतंय. दहा वर्षं पाळत म्हणजे कमी नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होईपर्यंत कुणीतरी त्यांच्या कपाटात डोकावत राहणार.

हे एवढं सांगायला मी पत्र लिहिलं नाही, हे तू ओळखलंच असशील. मी लांबण लावली की पुढे काहीतरी वाईट असतं, हे तुला फ्रॉकच्या वयापासून ठाऊक आहे.

२००६ च्या सप्टेंबरात काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. मी भाजी चिरत होते. फोन वाजला, आणि एका परक्या बाईने विचारलं, "मे आय स्पीक टू अहिल्या?" बेबी, मी सुरी खाली ठेवली. एकेचाळीस वर्षांपूर्वी लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'वीणा' लिहिलं, आणि अहिल्या खांबेटे त्या तांदळांतच राहिली. पासपोर्टवर वीणा, पगारावर वीणा, दारावर वीणा सबनीस. या देशात अहिल्या नावाची बाई उतरलीच नव्हती. आणि ही बाई सांगत होती की अहिल्याने एका दुकानाचं क्रेडिट कार्ड काढलंय, पत्ता आमचाच, सोशल सिक्युरिटी नंबर माझा, आणि खरेदीचे पैसे थकलेत.

ते नाव कुणाला ठाऊक? तू अजून मला अहिल्याताईच म्हणतेस. तुझं ऐकून तुझा अमितही अहिल्यामावशी म्हणतो. आणि तो नोकरीसाठी इथे आला तेव्हा पाच महिने आमच्याच घरी राहिला होता, ज्या खोलीत आमच्या कागदांचं कपाट आहे त्याच खोलीत. मला हिशेब सोपा वाटला. अमेरिकेत माझं माहेरचं नाव जाणणारा माणूस एकच.

त्या शनिवारी तो आला. ह्यांचा गुडघा दुखतो म्हणून तांदळाची वीस पौंडांची पिशवी घेऊन आला होता. मी त्याला आत बस म्हटलं नाही. दारातच म्हणाले, "माझ्या नावाने काय काय घेतलंस ते सांग, पोलिसांत जायच्या आधी."

तो म्हणाला, "मावशी, तू सीरियसली बोलतेयस?"

मी म्हटलं, "मावशी म्हणू नकोस. त्या नावानेच तर चोरी केलीस."

त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली, हळूच, भिंतीला टेकवून ठेवली. आडवी पडेल म्हणून पुन्हा सरळ केली. आणि गेला. आठवड्याभरात तुझा फोन आला, "ताई, तू माझ्या पोराला चोर म्हणालीस?" आणि मी तुला म्हणाले, "मी नुसतं विचारलं गं." नुसतं विचारलं नव्हतं. काय म्हणाले ते वर लिहिलंय, शब्दाला शब्द.

आता पुढचं ऐक. आयोगाची बातमी आल्यावर कंपनीचं एक मुळमुळीत पत्र आलं: तुमचा अर्जही त्या कॉम्प्युटरांत असण्याची शक्यता आहे. मी उलट लिहिलं, आमच्या अर्जात तुम्ही काय काय साठवलंय त्याची प्रत पाठवा. तीन पत्रं लिहावी लागली. मागच्या सोमवारी प्रत आली. दोन कागद: एक आम्ही भरलेला अर्ज आणि एक त्यांनी कॉम्प्युटरमध्ये उतरवलेला.

अर्जावरचं अक्षर माझं. आसावरीची त्या आठवड्यात परीक्षा होती, म्हणून तिचा अर्ज मी भरला. त्यात एक रकाना होता, आईचं माहेरचं नाव. बेबी, इथल्या लोकांना त्यात फक्त आडनाव हवं असतं, कारण त्यांच्या बायकांचं लग्नात तेवढंच बदलतं. पण माहेरचं नाव म्हटल्यावर आपण काय लिहू? मी अख्खं नाव लिहिलं. अहिल्या खांबेटे. आपल्या कॉन्व्हेंटातली सिस्टर बर्नाडेट म्हणायची ते आठवतं ना, फॉर्ममधली रिकामी जागा म्हणजे डोक्यातली रिकामी जागा? रकान्यात जागा उरली होती. मी ती भरली.

अमेरिकेत ते नाव एकाच माणसाने सांगितलं होतं. मी.

दुसरा कागद त्याहून वाईट. माझ्या वळणदार अक्षराला शाळेत दोनदा बक्षीस मिळालं होतं. त्या अक्षरातला बी कंपनीच्या टायपिस्टला एच वाटला. खांबेटेचं झालं खाम्हेटे. आणि ते चोरीचं कार्ड, ज्याची प्रत दीड वर्ष माझ्या कपाटात पडून आहे, ते कुणाच्या नावावर होतं? अहिल्या खाम्हेटे. मी ते तेव्हाच पाहिलं होतं गं. चोराला स्पेलिंगही येत नाही म्हणून हसलेसुद्धा. स्वतःच्या आईचं माहेरचं नाव अमित चुकीचं लिहील का, हा प्रश्न माझ्या कॉन्व्हेंटी डोक्यात आला नाही. रिकामी जागा तिथे होती.

आता जे तुला माहीत नाही ते. दोन परिच्छेदांपासून मी टाळतेय.

मी पोलिसांत गेले होते. त्यांच्या फॉर्मवर एक रकाना असतो: कुणावर संशय आहे काय? तो मोकळा सोडता येतो. बहुतेक लोक सोडतात. मी भरला. अमितचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि ऑफिसचा पत्ता. एका डिटेक्टिव्हने त्याच्या ऑफिसात दोनदा फोन केला. व्हिसावर आलेला मुलगा, साहेबासमोर पोलिसांचा फोन घेत होता. काही सापडलं नाही, प्रकरण बंद झालं. वर्षाच्या आत तो नोकरी बदलून दूर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला निघून गेला. तुला यातलं एक अक्षर त्याने सांगितलं नाही.

गुरुवारी मी दोन्ही कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेले. खिडकीतली तरुण अधिकारी भली होती. म्हणाली, मॅडम, केस केव्हाच क्लोज झाली, आता गरज नाही. मी म्हटलं, "बाई, मी रेकॉर्डरूममधली आहे. बंद फाइलीतही खोटं ठेवायचं नसतं." तिने खुर्ची दिली. मी लिहून दिलं की हा संशय चुकीचा होता, तो निव्वळ माझ्या घाईने लिहिला गेला, आणि या मुलाचा यात काडीचा संबंध नाही. ते त्या फाइलीला जोडलं गेलं. शिक्क्याची प्रत सोबत आहे. नीट ठेव. अमितच्या ग्रीन कार्डाच्या वेळी कुणी काही विचारलंच, तर हा कागद उत्तर देईल.

मग आसावरीकडे अमितचा नंबर मागितला. तिच्याकडे तो होताच! "आई, ही इज माय कझिन. ऑफकोर्स आय हॅव हिज नंबर." दीड वर्ष माझ्या नाकाखाली दोघं बोलत होते. तिचं अभिनंदन करावं की कान उपटावा, ठरत नाही.

फोन त्यानेच उचलला. मी म्हटलं, "अमित, पार्सिपनीहून बोलतेय." मावशी म्हणायचा धीर झाला नाही. तो गाडी चालवत होता.

मग म्हणाला, "व्हेरिफाय करावं लागेल. हल्ली फ्रॉड कॉल्स फार येतात. मदर्स मेडन नेम?"

"तुझ्या आईचं आणि माझं एकच आहे, मेल्या. खांबेटे."

"स्पेलिंग सांगा, मॅडम."

मी एकेक अक्षर सांगायला लागले. के, एच, ए, एम. मग बी.

"बी फॉर?" त्याने विचारलं.

"बी फॉर बेबी," मी म्हटलं, आणि पुढची अक्षरं मला आठवेनात.

तो म्हणाला, "मावशी, एक मिनिट, गाडी साइडला घेतो." मग मी सगळं सांगितलं, त्याने सगळं ऐकलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही. मेच्या शेवटी लाँग वीकेंडला येतोय. मी म्हटलं, काही आणू नकोस. म्हणाला, "तांदूळ आणतो. काकांचा गुडघा आता चालेल, पण वीस पौंड अजून माझ्याच खांद्यावर येणार."

फोन ठेवताना एवढंच म्हणाला, "पोलिसांचं आईला सांगू नकोस, यार मावशी. तिचं बीपी वाढेल."

मी त्याला हो म्हटलं नाही. त्या कंपनीवर मी चार पानं लिहिली, त्यातलं सगळ्यात कडक वाक्य हे होतं: माहिती तुमच्या हातून सांडली हा गलथानपणा, पण ज्यांची सांडली त्यांना न सांगता गप्प बसलात, हा अपराध. ते वाक्य लिहून मी पाकीट बंद केलं होतं; सोमवारी अर्जाची प्रत आल्यावर ते माझ्यावरच उलटलं. तुझ्या मुलाचं नाव मी सांडलं होतं, बेबी. आणि दीड वर्ष गप्प बसले. म्हणून सांगितलं. बीपीची गोळी घे आणि मग मला हव्या त्या शिव्या दे. मराठीत कमी पडल्या तर कॉन्व्हेंटच्या दे.

इथून पुढे माझ्यावरही दहा वर्षं पाळत ठेव. दर दोन वर्षांनी ये आणि कपाटं उघडून बघ. तिकीट मी पाठवते.

या पत्रात एक रकाना मी मोकळा सोडतेय, आयुष्यात पहिल्यांदा. तुला मी आता जी कोणी वाटत असेन, ते नाव तिथे तुझ्या हाताने लिही आणि हे पान परत पाठव. वीणाबाई सबनीस लिहिलंस तरी मी समजेन. दुसरं काही लिहिलंस, तर बी नीट काढ.

तुझी,

______________