घरधनी म्हणजे कोण?

३ नोव्हेंबर, सकाळी
रविवारी इथे वोलोसच्या वाचनालयात माझं व्याख्यान. विषय: ‘निकोकिरिस’ हा आपला ग्रीक शब्द, म्हणजे घरधनी. इकोस म्हणजे घर, किरिस म्हणजे धनी. झालं! दोन दिवसांत लिहून होईल. फक्त सुरुवातीचा ‘न’ कुठून आला, तेवढं शोधायचं.

बायको, एव्हान्थिया, सकाळीच बॅग घेऊन बहिणीकडे लारिसाला गेली. तिची शिवणाची खोली मी एका इंजिनिअरला भाड्याने द्यायची ठरवली, मशीन बाल्कनीत ठेवलं, एवढंच कारण. परवा येईल. चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

५ नोव्हेंबर
आली नाही.
‘न’ सापडला! ‘तॉन इकोकिरी’, म्हणजे ‘घरधन्याला’, म्हणता म्हणता आधीच्या शब्दातला ‘न’ घराला चिकटला. म्हणजे मूळचा घरचा नाहीच, बाहेरून येऊन बसलाय. हे वाक्य व्याख्यानात टाकायचंच.

६ नोव्हेंबर
अर्थ: कुटुंबप्रमुख. घरमालक. टापटिपीचा माणूस. लग्न होऊन मार्गी लागलेला. चारही मला लागू. (घर सासऱ्यांनी एव्हान्थियाच्या नावावर केलंय, पण तो तांत्रिक मुद्दा.) धुतलेले शर्ट संपले.

फोन केला. म्हणाली, “मला विचारलं होतंस?” मी म्हणालो, व्याख्यानाच्या गडबडीत आहे. तिने फोन ठेवला.

८ नोव्हेंबर
इंजिनिअर भाडेकराराचा कागद घेऊन आला. “स्तामातिसकाका, घर तर बाईंच्या नावावर आहे. त्या कधी येणार?”
मी म्हणालो, परवा. तो सही न करताच गेला.
मशीन आत आणणार होतो. पण कंबर.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा
अकरा श्रोते. शेवटच्या रांगेत एव्हान्थिया! कौतुकाने आली असणार. ‘न’च्या वाक्याला ती एकटीच हसली, मोठ्याने. ग्रंथपालांनी विचारलं, “आणि बाईला काय म्हणायचं?” मी म्हणालो, “निकोकिरा. शब्द तोच.”
एव्हान्थिया उभी राहिली. “तोच कसा? हा शब्द दिवसभर राबतो.”
टाळ्या तिलाच.

१० नोव्हेंबर
काल ती पुढे निघून गेली. मी पोचलो तर दाराला आतून कडी. बेल वाजवली.
“कोण?”
तासभर घरधन्यावर बोलून आलो होतो.
“मी. स्तामातिस. विचारायचं होतं… आत येऊ का?”
मग कडी वाजली.
“पाय पुसून ये.”