लाल खडा

१२ मार्च १९५६

मार्कंड्याची जत्रा झाली. हिरवा चुडा भरला. बाजूलेच बोटात घालायच्या, काचेच्या खड्यांच्या मुंद्या विकत होते. धाकटी जाऊ कमळा मोठी खट! बायांच्या घोळक्यात म्हणते, "बाई, हा लाल खडा कोणता जी? नाव सांगा ना!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मेली! नवरत्नांतलं जे लाल रत्न, तेच तर आमच्या यांचं नाव. मी म्हटलं, "लाल खडा." पुन्हा हसू!

सासूची तीन लेकरं गेली, मग हे झाले. लालबुंद होते म्हणे, म्हणून ते नाव. सासू बजावते — नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य घटते. उखाण्यात तेवढं चालते. इथी लिहायलेही माझा हात थांबते.

१९ मार्च

हे बांबू तोडायले जंगलात गेले होते. ताप घेऊन आले.

२१ मार्च

रात्रभर बरळत होते. आज बैल जुपून खाचरातून नदीपर्यंत, डोंग्यातून पलीकडे, मग ब्रह्मपुरीचा दवाखाना. संग दीर झिंगू. सासूचा पाय मोडलेला, ती घरीच. हिवताप डोक्यात चढला म्हणतात. मले लय भेव लागून राह्यलं.

२२ मार्च

डॉक्टर म्हणाले, "बाई, नावानं हाका मारत राहा. त्यांना ओळखीचा आवाज हवा. झोपू देऊ नका." मी "अवो! अवो!" करत राह्यली. झिंगू "दादा, दादा". डॉक्टर चिडले — "अहो, नाव घ्या, नाव!" नाव कसं घेऊ? खाटेखाटेपाशी बाया "अवो"च म्हणून राह्यल्या. कोणता नवरा कोणाले ओ देईल!

मग सुचलं — उखाणा! सगळ्यांसमोर, लाज सोडून —

मार्कंड्याच्या जत्रेत भरला हिरवा चुडा,
माणिकरावांचं नाव घेते, आता डोळे उघडा.

उघडले! देवा, उघडले! माझ्याकडे पाह्यलं. ओठ हलले. झिंगू रडलाच.

मग घेतच राह्यली. लग्नातले, बारशातले, डोहाळजेवणातले. दर खेपेला पापणी हलायची. दुपारी उखाणे सरले. नवीन जोडायले गेली तं यमकच जुळेना. घसा कोरडा. डॉक्टर म्हणत होते, थांबू नका. मी "अवो" म्हणत राह्यली. "अवो"ले पापणी हलत नव्हती. नुसतं नाव ओठापर्यंत आलं. गिळलं. आयुष्य घटलं तं?

२३ मार्च

पहाटे गेले.

८ एप्रिल

सासू भिंतीकडे तोंड करून पडली राहते. आज म्हणाली, "तारे, त्याचं नाव घे वं. मायाच्यानं घेववत नाई. आता तुले कायचं भेव?"

घेतलं. मोठ्यानं, नुसतंच — माणिक!

इतकं सोपं होतं.