भुंगा रडतो तेव्हा

९ जानेवारी

आई गावी परत गेली. बाबांचं खुब्याचं हाड मोडलंय, जावंच लागणार होतं तिला. दारात माझे दोन्ही खांदे धरून काहीतरी म्हणाली. "जप हं" की "जमेल तुला" — रडताना ओठ वेडेवाकडे होतात, वाचता येत नाहीत. मी दोन्हीला मान डोलावली.

आतापर्यंत रात्री भुंगा रडला की आई मला हलवून उठवायची. सोमवारपासून नवऱ्याची पंपघरावर रात्रपाळी. म्हणजे घरात मी, महिन्याभराचा भुंगा आणि माझे दोन शोभेचे कान!

जमवणार. बस्स.

१० जानेवारी

वन्सं येऊन गेल्या. नवऱ्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहतात. मनाने चांगल्या, पण महत्त्वाचं बोलायचं असलं की भावाकडे तोंड करून बोलतात. मग मला ओठ दिसत नाहीत. मी सरळ दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"रात्रपाळीच्या आठवड्यात बाळ माझ्याकडे झोपू दे," म्हणाल्या. "तुला ऐकू येत नाही यात तुझा काय दोष? पण रडून रडून निळा पडला तर?"

"आणि दूध?"

"काढून दे. बाटलीने पाजेन."

"नाही!"

आवाज जरा मोठा लागला असावा, नवरा दचकला. चौथीत असताना तापात कान गेले, तेव्हापासून आवाजाचा अंदाजच नाही. एक तर कुजबुज, नाही तर नगारा.

नवऱ्याने भुंग्याचं दुपटं नीट करायला घेतलं. दोन बायकांच्या मध्ये कुठला शहाणा बोलतो!

१३ जानेवारी

पहिली रात्र एकटीने काढली. नवऱ्याने भुंग्याच्या छोट्या खाटेची एक बाजू उतरवून खाट आमच्या पलंगाला घट्ट बांधून दिलीय. भुंगा त्याच्या गादीवर उताणा, मी माझ्या. माझा तळहात त्याच्या पोटावर. रडायला लागला की पोट दगडासारखं होतं आणि थरथरतं. लगेच कळतं.

दूध पिताना तो गुणगुणतो म्हणे, म्हणून नवऱ्याने नाव ठेवलं भुंगा. ती गुणगुण मला छातीच्या हाडात कळते. जगात मला एवढी एकच गोष्ट "ऐकू" येते, असं म्हटलं तरी चालेल.

अडचण एकच. झोप लागली की हात घसरतो. घसरला की दचकून जाग येते. म्हणजे हात जागेवर ठेवायचा तर झोपायचं नाही. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ते हेच.

१४ जानेवारी

झोप नाही. पण जमलं.

१६ जानेवारी

दात घासले का? ब्रश ओला आहे. म्हणजे घासले असावेत.

१९ जानेवारी

दातांच्या लॅबवाल्या बाईंनी घरी थोडं काम पाठवलंय. मी कवळ्या करते. मेणात एकेक दात बसवायचा, उंची जुळवायची, पुढचे सहा दात हसल्यावर शोभले पाहिजेत. दिवसभर लोकांची तोंडं वाचायची आणि फावल्या वेळात तोंडं बनवायची, असा माझा धंदा! हाताची सवय मोडू नये म्हणून मीच मागून घेतलं होतं.

भुंगा झोपला तेव्हा बसले. दोन तास खपून वरची ओळ लावली. संध्याकाळी उजेडात पाहिलं तर डावा सुळा उजवीकडे, उजवा डावीकडे! असं गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं. सगळं मेण तापवून पुन्हा काढलं. परत लावायला घेतलं आणि टेबलावरच डोकं टेकलं. गालाला मेण चिकटलं.

काम परत पाठवलं. "महिन्याने देते" असं लिहिलं. फार जड गेलं लिहिताना.

२३ जानेवारी

आज जे झालं ते लिहायला हात उठत नाही. पण लिहिणार.

दुपारी दूध पाजून त्याला खाटेत ठेवलं. बाजूला आडवी झाले. हात पोटावर. आणि मग एकदम नवरा माझ्या अंगावर वाकलेला, पंपघराचा निळा सदरा घातलेला, तोंड पांढरंफटक. त्याच्यामागे वरच्या मजल्यावरचे मास्तर. मास्तर निवृत्त झालेत, पण अजून मुलांना व्हायोलिन शिकवतात. मास्तरांच्या कडेवर भुंगा. लाल. गालावर घामाने केस चिकटलेले. तोंड उघडं, हुंदक्यांनी अंग उडत होतं नुसतं.

हळूहळू कळलं. खूप वेळ रडत होता. मास्तर खाली आले, घंटा दाबत राहिले. आमची घंटा वाजली की बाहेरच्या खोलीत दिवा लागतो. मी आत, ढाराढूर. दार बडवलं. शेवटी पंपघराला फोन केला. या आठवड्यात नवऱ्याची दिवसपाळी होती, पंप जोडीदारावर सोपवून धावत आला. त्यावरून साहेब बोललाय त्याला.

नवरा भुंग्याला घेऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ते तरी मी पाहिलं असतं.

भुंग्याचा आवाज बसलाय म्हणे. मला काय कळणार!

२४ जानेवारी

वन्सं आल्या. या वेळी माझ्याकडेच तोंड करून बोलल्या. "रात्रपाळी असेल तेव्हा न्यायचंच आता. मी विचारत नाहीये."

मी कपड्यांची पिशवी भरून दिली.

२७ जानेवारी

पुन्हा रात्रपाळी. कुणी तरी आजारी पडलं म्हणून नवऱ्यालाच बोलावलं. भुंगा वन्संकडे.

पहिल्या रात्री दगडासारखी झोपले. सकाळी उठले तर अंगातला गाऊन दुधाने भिजलेला, आणि डोकं — कितीतरी दिवसांनी — स्वच्छ. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची चादर दिसली, तिच्यावरची फुलंसुद्धा वेगवेगळी दिसली. मग खूप रडले. पण रडता रडता विचार करता येत होता!

विचार असा — त्या दुपारी मला ऐकू आलं नाही, हे खरं. पण माझा हात तर त्याच्या पोटावर होता. हाताला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण तेरा तारखेपासून मी झोपलेच नव्हते. कानांनी दगा दिला नाही. ते बिचारे कधीच कामावर नसतात. दगा दिला झोपेने.

वन्संना हे सांगायचंय. ऐकतील?

२९ जानेवारी

सकाळी दार उघडलं तर वन्सं भुंग्याला घेऊन उभ्या. डोळे लाल, केस विस्कटलेले, ब्लाउजवर दुधाचा डाग. त्यांचे केस विस्कटलेले मी लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

आत येऊन बसल्या. भुंग्याला माझ्या मांडीवर दिलं. मग माझा हात धरून, तोंड नीट माझ्यासमोर आणून म्हणाल्या, "काल मलाही ऐकू आला नाही गं. माझं डोकं उशीवर, आणि तो शेजारीच बोंबलतोय. ह्यांनी मला हलवून उठवलं."

मला हसू आलं. आवरेना. मग त्यांनाही आवरेना. दोघी हसतोय आणि भुंगा आळीपाळीने दोघींकडे बघतोय.

मी परवाचा तो झोपेचा विचार त्यांना सांगितला. "रात्र माझी," म्हटलं. "मला दुपार द्या. दुपारी तुम्ही त्याला सांभाळा, मी दार लावून झोपेन. मग रात्री माझा हात चुकणार नाही."

"आणि चुकला तर?"

"मग तुम्ही नेऊन ठेवा. मी आडवी येणार नाही."

विचार केला त्यांनी. "चहा टाक," म्हणाल्या. म्हणजे हो!

५ फेब्रुवारी

दुपारी झोप. रात्री हात. जमतंय.

मास्तरांनी स्वतःहून चिठ्ठी टाकली — त्यांना बोलण्यापेक्षा लिहिणं आवडतं. "दिवसा बाळ फार रडलं तर मी जिन्यावरून पाय आपटत येईन. जिना तुम्हाला जाणवतो, असं तुमचे यजमान म्हणाले." खरंच जाणवतो. लाकडी आहे, आणि मास्तर अंगाने भरलेले.

चिठ्ठीखाली आणखी एक ओळ. "अंगाई म्हणताना सूर चुकतो. पोर झोपतं. चालू ठेवा."

म्हणजे वरपर्यंत ऐकू जातं! कानाला खडा — पुन्हा खिडकी उघडी ठेवून गाणार नाही. पण माझ्या कानाला खडा लावून उपयोग काय? संध्याकाळी उघडी ठेवूनच गायले.

१२ फेब्रुवारी

नवऱ्याने पंपघरातल्या वायरमनला घरी आणलं. सगळे त्याला शॉक म्हणतात. कारण विचारायची गरज पडली नाही, भुवया पाहिल्या आणि कळलं. त्याने एक यंत्र केलंय. खाटेला छोटा माइक, माझ्या उशाशी दिवा, उशीखाली जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर. आवाज झाला की दिवा लागतो, उशी थरथरते.

"आता बिनघोर झोपा वहिनी!"

१३ फेब्रुवारी

कसलं बिनघोर! नळाला दिवा लागतो. नवऱ्याच्या शिंकेला लागतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला लागतो. जेमतेम डोळ्याला डोळा लागला की उशी थरथरते, बघते तर भुंगा मजेत झोपलेला. काल होती ती झोपसुद्धा गेली. शॉकला निरोप — सुधार, नाही तर घेऊन जा.

१५ फेब्रुवारी

शॉक आला, स्क्रू फिरवून गेला. पण त्याच्या आधी दुपारी एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवते.

वन्सं भुंग्याला घेऊन बाहेर बसल्या होत्या. मी पडले होते, झोप येत नव्हती. उशाचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मंद, मग एकदम भरून, मग नुसता लुकलुकत. घरात तर सगळं शांत. वन्संना विचारलं. त्यांनी वर बोट दाखवलं. मास्तरांचं व्हायोलिन!

चौथीनंतर पहिल्यांदा गाणं कुठे जातंय ते दिसलं. शॉक येईपर्यंत बघत पडून राहिले. झोपेचं खोबरं झालं, पण झालं तर झालं.

३ मार्च

यंत्राचा दिवा आता फक्त रडण्याला लागतो. दिवा, थरथर, मी उठते, पाजते, ढेकर काढते, ठेवते. नवरा घरी असला की ढेकर त्याच्याकडे. हात आता पोटावर ठेवत नाही. कुशीवर झोपते! कुशीवर झोपण्याइतकं सुख कशात नाही, हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

१४ मार्च

लॅबचं काम परत मागवलं. सुळे आपापल्या जागी बसले. बाईंनी उलट विचारलं, "कशी आहेस?" लिहिलं — "जागी."

२६ मार्च

वाईट दिवस. त्याला लस दिली, ताप आला, रात्रभर कडेवर. नवरा पंपघरावर. पहाटे भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसले आणि म्हटलं, झालं, आता माझ्याने होत नाही. कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हटलं. मग उठले. बाळाचं दुपटं बदलायचं होतं.

९ एप्रिल

यंत्र बिघडलं वाटतं. चार-पाच रात्री दिवा लागलेला नाही. तरी मला जाग येते आणि बघते तर भुंगा टक्क जागा, भुकेला. सवयीने जाग येत असेल. पण सवयीवर कसं विसंबायचं? रात्रपाळी सोमवारपासून. शॉकला बोलावलं.

१२ एप्रिल

शॉकने माइकला अगदी चिकटून टाळी वाजवली — दिवा. मोबाइलवर कुठल्या तरी बाळाचं रडणं लावलं — दिवा. उशी अशी थरथरली की भुंगा घाबरला.

"यंत्र ठणठणीत आहे वहिनी. तुमचं बाळच रडत नाहीये."

चार महिन्यांचं बाळ आणि रडत नाही? उद्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरवलं. नवऱ्याला अजून सांगितलं नाही.

१३ एप्रिल

वन्सं दुपारी आल्या. भुंगा खाटेत झोपलेला, मी त्याच्याकडे पाठ करून पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. पलंगाला धक्का बसला, वळले, तो जागा. उचलून घेतला. बघते तर वन्सं दारात, तोंडावर हात.

मला वाचता यावं म्हणून त्यांनी हात बाजूला केला.

"तुझ्याकडे पाहिलं त्याने. तोंड उघडलं, रडणारच होता. तुझी पाठ दिसली, तोंड मिटलं, आणि दोन्ही पाय धाडकन खाटेच्या फळीवर आपटले. आवाज नाही गं काढला! माझ्याकडे असला की घर डोक्यावर घेतो. फक्त तुला असा बोलावतो."

भुंगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काहीच करत नाही म्हणून त्याने पोटात एक लाथ मारली.