कप्तानाची पाठ

१ नोव्हेंबर १९५३

पोचले एकदाची. होडीवाला व्हाल्फ्रिड वाटभर मला चिडवत होता. म्हणे, मासळीच्या कारखान्यातल्या पोरी मालीश शिकायला लागल्या, आता लोकांना खवलं काढून घरी पाठवतील. मी म्हटलं, पहिली तुमचीच कंबर धरते, मग बोला. तो पोट धरून हसला. माझी ट्रंक त्यानंच उचलून घरापर्यंत आणली, पण पायरीवरच ठेवली आणि लगेच मागे फिरला.

घर लाकडी, पिवळं, बेटावर एकटंच, समुद्राला अगदी लागून. उन्हाळ्यात इथं स्नानाला लोक येतात. हिवाळ्यात बाई दोन मुलींना मालीश शिकवतात. त्यांचं नाव फ्रू एंगमान, पण इथं त्यांना नुसतं बाई म्हणायचं. दुसरी मुलगी बेरित, येम्टलंडच्या जंगलखात्यातल्या माणसाची लेक. आम्ही एकाच खोलीत आहोत. आल्या आल्या तिनं माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "बरे आहेत. वास तेवढा घालव."

बाईंचं शिफारसपत्र मिळालं की हर्नोसांडच्या इस्पितळात नोकरी. मग मासळीचे डबे बंद करणं नाही, आईसारखी मिठानं फुटलेली बोटं नाहीत. वेलची घातलेला पाव खाल्ला, दोन कप कॉफी प्यायले. फार छान वाटतंय.

५ नोव्हेंबर

आज नीट धडा झाला. तेल थेट अंगावर ओतायचं नाही. आधी तळव्यात घेऊन कोमट करायचं. सुरुवात लांब, सपाट हातानं, नेहमी हृदयाच्या दिशेनं. परत येताना हात नुसता तरंगत आणायचा. मग मळणं. पावाचं पीठ मळतो तसंच, फक्त पीठ ओरडत नाही, असं बाई म्हणाल्या. त्यानंतर अंगठ्यानं गोल गोल दाबणं, हाताच्या कडेनं थापटणं, आणि शेवटी बोटांचा बारीक कंप. हाडावर जोर द्यायचा नाही, कण्यावर तर मुळीच नाही.

आम्ही दोघी आळीपाळीनं बाकावर पालथ्या पडतो. तोंड टॉवेलात असल्यामुळे बोलता येत नाही, म्हणून बेरितनं खूण ठरवली: दुखलं की बोटानं दोनदा टकटक. मी जास्तच रेटलं तर ती टकटक करून वर त्या बाहेर वळलेल्या करंगळीच्या नखानं ओरखडाही काढते. उठल्यावर म्हणते, "माझ्या पाठीत काटे नाहीत गं, सोलू नकोस."

खूप हसतो आम्ही. बाई रागावत नाहीत.

१४ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरच्या बंद खोलीत बाईंचा भाऊ असतो. कप्तान. जहाजावर पाठ मोडली, तेव्हापासून पालथाच पडून आहे, बोलत नाही. आज बाईंनी बेरितला त्याच्याकडे नेलं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे खरंच आहे. पण मला जरा झोंबलं.

परत आली ती फुशारत. म्हणाली, पाठ म्हणजे नुसतं कोठाराचं दार आहे. स्नायू एवढे खोल की हात आत आत जातो आणि हाड लागतच नाही. मी म्हटलं, मोडलेली पाठ आहे, हाड सरकलं असेल. ती म्हणाली, "सरकलं नाही गं. नाहीच आहे."

बाई स्वतः त्याला मालीश का करत नाहीत, असं मी जेवताना विचारलं. बाईंनी बटाट्याची सालं काढता काढता सांगितलं की त्यांचे हात त्याला आवडले नाहीत.

२३ नोव्हेंबर

बेरित आता दिवसातून तीन-तीनदा खाली जाते. माझ्यावर सराव करायला तिला वेळ नसतो. मी एकटीच उशी मळत बसते.

ती हल्ली थट्टाही करत नाही. जेवताना हात मांडीवर ठेवते. आज मी तिला विचारलं, त्या खोलीत एवढा वेळ काय शिकतेस? म्हणाली, कप्तान चांगलं शिकवतात. मी हसले, म्हटलं, ते तर बोलत नाहीत. "नाहीत बोलत," एवढंच म्हणाली.

तिला घरी जा म्हणायला हवं होतं का? शिफारसपत्र तिलाही हवंच आहे. मी गप्प बसले.

२९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बेरितचा पलंग रिकामा. बाई खिडकीत नाताळाआधीचा ॲडव्हेंटचा तारा टांगत होत्या. शांतपणे म्हणाल्या, पहाटे व्हाल्फ्रिड येऊन तिला घेऊन गेला, आई आजारी आहे तिची.

मी धक्क्यावर गेले. आठवडाभर बर्फ धरतंय. आज धक्क्याभोवती पातळ करडा थर होता, काचेसारखा अखंड, पलीकडच्या किनाऱ्याच्या दिशेनं नजर जाईल तिथवर. होडी आली-गेली असती तर फुटला असता.

 

१ डिसेंबर

माझी पाळी. बाई म्हणाल्या, "त्यांना हात लागतात, आस्ता. मी कोणाला आणू?" आणि दार बाहेरून लावून घेतलं. ऊब बाहेर जाते म्हणून, म्हणाल्या.

खोलीत शेगडी रसरसलेली. कमरेपर्यंत चादर, तोंड भिंतीकडे, केस पांढरे. पाठ मात्र पंचविशीतल्या माणसाची. तेल कोमट केलं. लांब हात फिरवला. शिकवलं तसं सगळं केलं.

मळायला लागले तेव्हा आतून कोणीतरी मळायला लागलं. माझ्या हाताखाली. माझ्याच तालात. मी थांबले की तेही थांबायचं, पण किंचित उशिरा.

मनाला सांगितलं, स्नायू फडफडतो कधी कधी. बाईंनीच सांगितलं होतं तसं.

३ डिसेंबर

उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली जोर दिला. आतून दोनदा टकटक झाली.

मी हात सैल केला. थोड्या वेळानं पुन्हा दाबला, खात्री करायला. टक टक. आणि मग नख. आतल्या बाजूनं, माझ्या तळव्याखालून, एक लांब ओरखडा.

दार वाजवत राहिले. बाई त्यांच्या वेळेलाच आल्या.

४ डिसेंबर

पळाले. दिवसाढवळ्या, बर्फावरून. धक्क्यापासून थोडंच पुढे गेले असेन, पायाखालचं तडकलं आणि कमरेपर्यंत आत गेले. कसंबसं मागे सरकत आले. पलीकडच्या किनाऱ्यावर व्हाल्फ्रिड उभा होता. मी हात हलवले, ओरडले. त्यानं टोपी काढली, छातीशी धरली. मग पाठ फिरवून चालता झाला.

बाई धक्क्यावर ब्लँकेट घेऊन थांबल्या होत्या. चिडल्या नाहीत. माझे पाय त्यांनीच चोळून गरम केले, फार सुंदर हात आहे त्यांचा. होडीला रस्ता नाही, चालायला बर्फ कच्चं, पक्कं व्हायला नाताळ उजाडेल, म्हणाल्या. तोवर हात रिकामे ठेवू नकोस.

मी विचारलं, बेरितचं काय केलंत? त्या म्हणाल्या, "मी काय करणार? ती बोलावते आहे तुला. सगळ्यांना नाही बोलावत त्या."

त्या, म्हणाल्या. एक नाही.

६ डिसेंबर

आज हात लावला नाही. कोपऱ्यात बसून राहिले. पाठ थरथरू लागली. टकटक — दोनदा, दोनदा, मग मोजता येईना अशी. घाबरलेलं माणूस दार वाजवतं तशी.

कान झाकले. तरी ऐकू येतं. जमिनीच्या फळ्यांतून येतं.

तिला दुखतंय. मी इथं बसलेय आणि तिला दुखतंय.

७ डिसेंबर

कातडीखालून पाच बोटांची टोकं वर आली. तिचीच. करंगळी बाहेर वळलेली.

एकदा गप्प बसले होते, आता नाही. मी तळवा त्यांच्यावर ठेवला. ढकलला. पीठ सरकावं तशी कातडी सरकली. रक्त नाही. आत ऊब. तिची बोटं सापडली, घट्ट धरली, ओढली — मनगटापर्यंत आली बेरित, खरंच आली, नखं पांढरी झालेली —

मग आतून ओढ लागली. तिची नव्हती. तिच्या मागून.

नंतर

डाव्या हातानं लिहितेय. वही ॲप्रनच्या खिशात होती, म्हणून.

उजवा मनगटाच्या वरपर्यंत आत गेलाय. दुखत नाही. ते जास्त वाईट आहे.

बाई आल्या होत्या. मी सुरी मागितली, माझाच हात कापते म्हटलं. म्हणाल्या, भावाला लागेल. शेगडीत लाकडं घातली, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. रडत होत्या. दार लावून गेल्या.

पुन्हा

कोपर.

कप्तानानं मान वळवली. पहिल्यांदाच. डोळे ओले. म्हणाला — आवाज गंजल्यासारखा — "ओढू नकोस पोरी. आत दाटी आहे. त्यांना लागतं."

किती जणी, विचारलं. त्यानं डोळे मिटले.

बेरितचा हात अजून माझ्या हातात आहे. ती धरून आहे. पण आणखी कोणीतरी माझी बोटं एकेक उलगडून बघतंय. उलटीपालटी करून. बरे आहेत का, ते —

आता

वही टेकवायला जागा उरली नाही. त्याच्या पाठीवरच ठेवलीय. पेन्सिल दाबायची नाही, हळूच — आई, कोणालाही इथं पाठवू नको — कागदाखाली काहीतरी हललं. पेन्सिलीचं टोक धरलंय कोणीतरी खालून, मी लिहीत नाहीये हे, मी नाही लि