करंजदऱ्याची मुक्कामी गाडी

६ ऑक्टोबर, सोमवार

आगाराचं उत्तर आलं. चौथं! मजकूर तोच — "मुक्कामाची सोय उपलब्ध नसल्याने सदर फेरी सुरू करता येत नाही." सही वाचता येत नाही, तारीख खोडून वर दुसरी घातलेली. ह्याला कार्यालयीन पत्र म्हणायचं! मी नववी नापास माणूस, पण माझ्या अर्जात कुणी एक खाडाखोड दाखवावी.

सोय नाही म्हणे. कोरोनाच्या आधी वीसेक वर्षं करंजदऱ्याला मुक्कामी गाडी येत होती. दिवेलागणीला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, आणि उजाडता उजाडता कॉलेजची पोरं, दवाखान्याची माणसं, दुधाचे कॅन असं सगळं घेऊन तालुक्याला जायची. तेव्हा सोय होती ना? मग ती काय डोंगरापलीकडं उडून गेली?

बहाणे आहेत. प्रवासी संघटनेचा अध्यक्ष म्हणून पुन्हा लिहितो. ह्या वेळी भाषा कडक.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अजिनाथ दुकानावर आला होता. मला वाटलं मोटार जळाली असेल, वाइंडिंगला आणली असेल. तसं नव्हतं. खुर्ची देऊनही उभाच राहिला.

पावसानं त्याची कपाशी काळी पडली, बाजरीला कणसातच मोड आले. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको पूजा ऊसतोडीला निघणार. मुकादमाशी बोलणं झालंय. धाकटा पोरगा दोन वर्षांचा, तो बरोबर. राहिली सुकन्या. ती बारावीला.

"दादा, आत्ता मी सोडतो तिला गाडीवर. मी गेल्यावर कोन सोडनार? वडापच्या जीपमधी मी माझी पोरगी बसू देनार न्हाई. यष्टी चालू झाली तर ऱ्हाईल आजीपाशी. न्हाई तर नेतो संगं. धाकट्याला बघंल, कोपीवर भाकरी करंल."

"बारावीचं वर्ष आहे, अजिनाथ."

"मला काय कळत न्हाई व्हय?"

सरकार बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास फुकट देतं. सुकन्याकडं पास आहे — फोटो डकवलेला, शिक्का मारलेला. गाडी नाही!

मी शब्द दिला. दिवाळीच्या आत गाडी आणतो. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. जरा मोठ्यानंच बोललो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तालुक्याला जाऊन आलो. आगारातले साहेब तरुण आहेत. नम्र आहेत, पण काम करत नाहीत. म्हणाले, "काका, गाडी देतो, ड्रायव्हरही देतो. माणसं झोपणार कुठं, तेवढं सांगा."

मी म्हणालो, तो प्रश्न प्रशासनाचा. प्रवाशांचा नाही. वाहतुकीचे नियम, ग्रामसभेचा ठराव, आधीच्या चारही पत्रांचे जावक क्रमांक — न बघता सांगितले. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. पूर्ण निरुत्तर!

बाहेर भीमा कंडक्टर भेटला. पूर्वी आमच्याकडं मुक्कामाला यायचा. "अध्यक्ष, तुमच्या गावची शेंगोळी अजून जिभंवर हाय बघा," म्हणाला. मी म्हटलं, गाडी सुरू करायला लावा, रोज खा. तो हसला. "आधी खोलीचं बघा."

ह्यांना पण तेच शिकवून ठेवलेलं दिसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

संघटनेची सभा, आपल्या कार्यालयात. ग्रामपंचायतीच्या मागची खोली. पाटी मी स्वतः रंगवलेली आहे, अक्षरं आखून. टेबल, फायलींचं कपाट, भिंतीवर जुनं वेळापत्रक. नऊ जण होते. ठराव दोन मंजूर.

तेवढ्यात अजिनाथची आई दारात आली. लंकाकाकू. गुडघ्यांनी बेजार, तरी काठी टेकत आलेली. आत आलीच नाही, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली,

"गहिनीनाथा, गाडी कामून येत न्हाई म्हून इतका जीव काढतुस. ह्या खोलीत कोन निजायचं, इसरलास?"

मग काठीनं टेबलाकडं दाखवलं.

"दोन खाटा हुत्या हितं. मी सवता त्यान्ला शेंगुळी आनून घातल्यात. तू खाटा भाईर काढल्या अन् टेबल मांडलं. आता त्या कंडाक्टरनं काय तुज्या टेबलावर निजावं?"

सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्षांनीच गाडीच्या अंथरुणावर बैठक मारली की!"

मी म्हणालो, आता ठराव क्रमांक तीन घेऊ.

१३ ऑक्टोबर

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. खाटा मीच शाळेमागं नेऊन टाकल्या. गाडी बंद पडलेली, खोली रिकामी, सरपंचांनी किल्ली दिली. घेतली कशासाठी? गाडी आणण्यासाठीच ना! मग त्यात बेत कुठला, लबाडी कुठली?

तरी पण. चारही उत्तरांत "सोय उपलब्ध नाही" लिहिलं होतं, आणि चारही वेळा ते मी त्याच सोयीच्या खोलीत बसून वाचलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी जागा शोधतोय. हेडमास्तर म्हणाले, शाळेत मुक्काम चालत नाही, वरून पत्र आणा. देवळाचे विश्वस्त म्हणाले, कंडक्टर लोक बिड्या ओढतात, रश्श्याचे डबे आणतात, देवाच्या पाठीशी ते नको. सरपंच म्हणाले, दिवाळी होऊ द्या.

ज्योती ताट वाढताना म्हणाली, "अहो, ती खोलीच का देत नाही सोडून? पाटी आपल्या ओट्यावर लावा."

मी म्हटलं, संघटनेला कार्यालय पाहिजे. ओट्यावरच्या संघटनेला आगारात कोण विचारतं?

"आत्ता तरी कोण विचारतंय?"

उठलो ताटावरून.

१८ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. पाटीवरची धूळ पुसली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार — लक्ष्मीपूजन

सुकन्या फराळाचं ताट घेऊन आली. शांत पोरगी. अक्षर चांगलं आहे. संघटनेचे दोन अर्ज तिच्याकडून सुवाच्य करून घेतले होते. "काका, गाडी कधीपास्नं?" असं विचारलं.

मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे.

तिनं मान हलवली. मग विचारलं, "कोपीवर लाईट असती का हो?"

मोटारी दुरुस्त करतो म्हणून मला विचारलं. मी काय सांगणार? उसाच्या पाचटाची झोपडी ती, कारखान्याच्या माळावर. म्हणालो, कुठं असते, कुठं नसते. ती म्हणाली, "मग अर्थशास्त्र अन् मराठी नेते. अकाउंट न्हाई जमायचं तिथं. आकडे दिसाय पायजे."

म्हणजे पुस्तकं बांधायचं चाललंय. दिवाळीच्या आत गाडी आणतो म्हणालो होतो. पणत्या लावल्यात बाहेर, दिवाळी आजच आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार — भाऊबीज

खोली सोडली.

सकाळी एकटाच गेलो. आधी पाटी काढली. खिळे गंजले होते, एका कोपऱ्याचा टवका उडाला. टेबल, कपाट घरी आणलं. शाळेमागच्या खाटांवर कोंबड्या बसत होत्या. एक धड आहे, दुसरीची नवार सडलेली. ओढायला गेलो तर दुसरी बाजू कुणीतरी उचलली. अजिनाथ. दोन्ही खाटा आम्ही आत नेल्या. नवी नवार त्यानंच विणली. माझ्यापेक्षा घट्ट विणतो.

चुना मारला. माझ्या दुकानातला पंखा लावला. मोरीची कडी बदलली. पाण्याची टाकी घासली.

पाटी ओट्यावर लावली नाही. माळ्यावर टाकली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आगारात गेलो. मोबाईलवर खोलीचे फोटो दाखवले. साहेबांनी एकेक मोठा करून पाहिला. "काका, हे मागच्या वर्षी केलं असतं तर!" असं म्हणाले. उपरोध नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.

दिवाळीच्या जादा गाड्या लागल्यात, ड्रायव्हर मोकळे नाहीत. तपासणी होईल, मग आदेश. पंधरा दिवस धरा, म्हणाले.

मी कलम सांगितलं नाही, क्रमांक सांगितला नाही. एका पोरीचं बारावीचं वर्ष आहे एवढंच सांगितलं, आणि हात जोडले. आजवर ह्या टेबलापुढं जोडले नव्हते. साहेब उठून उभे राहिले. "प्रयत्न करतो" म्हणाले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक गेला.

अजिनाथला म्हटलं होतं, पोरीला आमच्याकडं ठेव, आठ-पंधरा दिवस मी सोडतो तिला. तो म्हणाला, "अन् दुकान कोन उघडंल तुमचं? अन् पुन्हा गाडी आलीच न्हाई तर? मधीच कोन आनून घालनार तिला माज्याकडं? मुकादम थांबत न्हाई, दादा." माझ्या शब्दावर त्यानं आता का विसंबावं?

ट्रकमध्ये खाली सरपण, त्यावर भांडी, पत्र्याच्या पेट्या, दोन शेळ्या; त्यावर माणसं. सुकन्या धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली. पुस्तकांची पिशवी पाठीशी. लंकाकाकू खालून नुसती तिच्या पायावर हात ठेवून उभी. गुडघ्यांमुळं काकू मागंच राहिली.

अजिनाथ जाताना म्हणाला, "दादा, तुमी केलं तेवढं लई केलं."

कुणी शिवी दिली असती तर सोसली असती.

२ नोव्हेंबर

गावात आता म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं. दुकानात गिऱ्हाईक नाही. लंकाकाकू दिवसभर ओट्यावर बसून असते. मी त्या गल्लीनं जायचं टाळतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी आली!

दिवेलागणीला फाट्यावरून हॉर्न ऐकू आला. कंडक्टर भीमाच. सरपंचांनी नारळ फोडला, भाषण केलं, माझं नाव तीनदा घेतलं. हार माझ्या गळ्यात घालायला आले, तो मी ड्रायव्हरच्या गळ्यात घातला. लोकांना वाटलं, मोठेपणा. मला तो हार घेववत नव्हता.

भीमानं खोली पाहिली. खाटेवर बसून दोनदा दाबून पाहिली. "नवार कुनी इनली? लई झाक!"

लंकाकाकू शेंगोळी घेऊन आली. तो खात होता तेव्हा तिथंच बसून तिनं सगळं विचारून घेतलं. इथून तालुका, तालुक्यावरून नगर, नगरहून पुढं कसं. अजिनाथच्या कारखान्याचं नाव तिला पाठ होतं. मला वाटलं, म्हातारीला गप्पा पाहिजेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली फेरी. गाडीत दुधाचे कॅन, दवाखान्याची दोन माणसं, आणि मी, अध्यक्ष म्हणून पहिल्या सीटवर. कॉलेजला जाणारं एकही पोर नाही.

गाडी हलणार तेवढ्यात लंकाकाकू आली. गाठोडं, काठी, नवं लुगडं. भीमानं हात देऊन वर घेतलं.

"कुटं, आजी?"

"कारखान्यावर. पोरांकडं."

मी म्हणालो, काकू, आपण फोन लावू. इतक्या लांब ह्या गुडघ्यांनी...

"गुडघं माजं हायती. तू नगं काळजी करू." मग जरा थांबून म्हणाली, "खोली चांगली केलीस, बाळा."

तालुक्याच्या स्टँडवर भीमानं तिला स्वतः नगरच्या गाडीत बसवलं आणि तिथल्या कंडक्टरला बजावलं, आजीला पुढच्या गाडीत बसवून मगच जा. मी गाडी नजरेआड होईपर्यंत उभा होतो.

९ नोव्हेंबर

अजिनाथचा फोन बंद. तिथं चार्जिंग नसेल. ज्योतीनं लंकाकाकूच्या दाराला रांगोळी काढली, घर बंद दिसू नये म्हणून. मी गाडी येताना रोज जाऊन उभा राहतो. कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळची गाडी आली. लंकाकाकू उतरली नाही. सुकन्या उतरली. एकटी, पाठीला पुस्तकांची पिशवी. तळहातांना फोड.

आजी कुठं, म्हणून विचारलं.

"तिथंच ऱ्हायली. म्हनली, भाकरी मला बी येत्यात, पोर मला बी संबाळता येतंय. तू ज्योतीपाशी ऱ्हा. जा, गाडी चालू झाली."